दर शंभर पावलांना एक काडी

३ जानेवारी
बोटीवरून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मागच्या खोलीची किल्ली तुला दिली, पण आत काय आहे ते सांगायचं राहिलं. माझ्या हातची प्रत्येक वस्तू लिहून देतो, म्हणजे कुणी हात लावला तर तुला कळेल. भिंतीवरचं घड्याळ, लंबकासकट. दोन पितळी पट्ट्या, त्यांवरची मिलिमीटरची रेघन् रेघ मी कोरलेली. जाड काचेच्या नळीचं पाणसळ. तिरक्या फळीचं टेबल. सहा पटाश्यांच्या मुठी. पोराचा पाळणा आणि त्याचा पांगुळगाडा, ज्याची चाकं अजून कुरकुरत नाहीत. आणि मधोमध, चादरीखाली, बेट: लांबी दोन मीटर चाळीस, कागदाचा लगदा, प्लास्टर आणि माझी पाच वर्षं. चादर काढू नकोस. धूळ बसली तर मी आल्यावर पाहीन.

हे बेट मी कधी पाहिलं नव्हतं, हे तुझ्याशिवाय कुणी खरं मानत नाही. पाहिलं ते माझ्या पोरानं, ढांग्यानं. वीज कंपनीच्या तारा तपासत तो बेटभर हिंडला आणि पावलं मोजून मला आकडे पाठवत राहिला. त्याचं पाऊल मी आपल्या व्हरांड्यात खडूनं मोजून घेतलं होतं, ऐंशी सेंटिमीटर. लांब टांगांचा म्हणून ढांग्या हे नाव तूच ठेवलंस.

आता तिथल्या संग्रहालयाला ते दर्शनी दालनात ठेवायचंय, खाली माझं नाव लिहून. सातवी नापास माणसाचं नाव! पण त्यांच्या पदवीधर साहेबांनी खोट काढलीच. डोंगरातला शेवटचा रस्ता छापील नकाशात बारा किलोमीटर आहे, माझ्यात सोळा. बाकी सगळं जुळतं. त्या रस्त्याची पोरानं वीस हजार पावलं लिहून पाठवली होती. मला तेव्हाच खटकलं आणि पुन्हा मोज म्हणून मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, बातमी आली. कामावर असताना हृदय बंद पडलं म्हणे, त्याला वर्ष झालं.

सगळं बेट मी स्वतः चालून बघणार आहे, तो रस्ता सर्वांत शेवटी. चूक पोराची निघाली तर माझ्या करवतीनं कापीन. छापणाऱ्यांची निघाली तर त्यांच्याकडून कबूल करून घेईन.

लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवलास तर फेडताना माझी पंचाईत होईल.

तुझा
धाकटा


११ जानेवारी

चि. फूटपट्टीस, तिला अत्यंत कंटाळलेल्या बहिणीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन मात्र करू नकोस. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं घालते.

तुझं घड्याळ चार मिनिटं पुढे जातंय. तू म्हणशील, जग चार मिनिटं मागे आहे. चादर काढलेली नाही. कोपऱ्यातून एकदा आत डोकावले, तेवढं लिहून टाकते, नाहीतर तू ठसे तपासशील.

एक ऐक. समुद्रकाठ बघ, मळे बघ, पण डोंगर राहू दे. तुझे गुडघे जिना चढताना दोन खोल्यांपलीकडे ऐकू येतात, तेही मला! चार किलोमीटर इकडचे तिकडे झाले तर काय बिघडलं? बघायला येणारी शाळेची पोरं काय टेप घेऊन येणार आहेत? कापायचंच असेल तर इथे बसून काप आणि मोकळा हो.

पुढचं पत्र कुठे टाकायचं ते कळव. मोठ्या बहिणीचं एखादं तरी ऐकावं, एवढाच लोभ ठेव.

तुझी
अक्का


१९ जानेवारी
पठारावरून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गुडघे उत्तम आहेत. जिना कुरकुरतो.

पश्चिमेचा किनारा झाला. तिथे झाड म्हणून नाही, कमरेएवढी काटेरी झुडपं आणि मिठागरं. मिठाचे ढीग झावळ्यांनी झाकलेले, आणि दुपारी जमिनीकडे बघवत नाही. मी नकाशात तो भाग पिवळट रंगवला होता, प्रत्यक्षात तो पांढरा आहे. पोरानं पांढराच लिहिला होता. मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. रंगाची चूक माझी. दीपस्तंभापासून शेवटच्या मिठागरापर्यंत त्याची तीस हजार चारशे पावलं, माझ्या सत्तरच्या पावलानं चौतीस हजार सातशे त्रेचाळीस. गुणून बघ, दोन्हीकडे चोवीस किलोमीटर तीनशे वीस मीटर येतात. एका मीटरचाही फरक नाही गं!

दक्षिणेला खाडी. तिथली झाडं पाण्यात मुळं रोवून उभी आहेत, जशी काही लुगडं वर धरून बायका पाण्यात उतरल्यात. पाऊल टाकायला जमीन नाही, म्हणून पोरानं विजेचे खांब मोजले होते, पन्नास मीटरला एक, दोनशे बारा. माझेही दोनशे बाराच भरले. नावाड्याला तो आठवत होता. पोरगा मोठ्यानं मोजायचा आणि हा मुद्दाम मधेच भलते आकडे ओरडायचा. एकदाही चुकला नाही, असं म्हणाला. ते ऐकून मी उगीचच पाण्यात बघत बसलो.

आता पठारावर आहे. लाल माती, दालचिनीचे मळे, पत्र्याची घरं, सकाळी अंगावर शाल लागते. इथलेही सगळे आकडे जुळले. म्हणजे एवढं मोजणारा पोरगा एका रस्त्यावर चार किलोमीटर चुकेल कसा? डोंगरात खांब सरळ ओळीत नाहीत, दऱ्या बघून रोवलेत, म्हणून पावलंच मोजायची होती. तेवढ्यातच काहीतरी झालंय. ते शोधल्याशिवाय मी येत नाही. पत्र डोंगराच्या पायथ्याच्या वीज कचेरीत टाक.

माझा हट्ट माफ करायची तुझी सवय मोडू नकोस.

तुझा
धाकटा


२६ जानेवारी

चि. भावास अ. उ. आ.

इतकं सगळं जुळलंय ना? मग ये परत. साहेबांना लिहून टाक की म्हातारपणी माझीच बेरीज चुकली. तुझा अभिमान चार दिवस दुखेल आणि थांबेल. मला इथे करमत नाही, एकटीला जेवण जात नाही. बाकी काही विचारू नकोस, फक्त ये.

तुझी
अक्का


४ फेब्रुवारी
पायथ्याच्या गावातून

ती. अक्कास नमस्कार.

सरळ विचारतो, सरळ सांग.

हे गाव ओलं आहे. ढग खिडकीतून आत येऊन खाटेवर बसतो, काल धुतलेला सदरा आज जास्त ओला असतो, बुटांवर बुरशी धरलीय. कंपनीच्या कचेरीत तारांवरचा मुकादम भेटला. चांगला माणूस आहे. मी ढांग्याचा बाप म्हटल्यावर उठून उभा राहिला. मी म्हणालो, तो ज्या लाइनवर कामावर असताना गेला ती मला दाखवा. तर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

म्हणाला, कामावर? तुमच्या मुलाला आम्ही पाच महिने आधीच लाइनवरून काढून गोदामात बसवलं होतं. डॉक्टरांनी चढ बंद केला होता. तिथे तो दिव्यांच्या नोंदी करायचा. गेला तो दिवस तर सुट्टीचा होता.

मी विचारलं, मग सुट्टीच्या दिवशी डोंगरात त्याचं काय काम होतं? मुकादम म्हणाला, आम्हीही त्याला हेच विचारायचो, तो म्हणायचा, घरचं काम आहे.

अक्का, कामावर असताना गेला असं मला तू सांगितलंस. कंपनीचं पत्र तुझ्याकडे आलं होतं. मी अजून वर चढलेलो नाही. तुझं उत्तर येईपर्यंत इथे खानावळीच्या बाकावर बसून आहे.

धाकटा


१२ फेब्रुवारी

चि. भावास आशीर्वाद.

आज चिडवत नाही.

लहानपणी त्याला तो सांधे धरणारा ताप आला होता, आठवतो? तेव्हापासून हृदयाची झडप अधू झालेली होती, ते कळलं मात्र मोठेपणी, तिथेच. जुलैत त्यानं मला लिहिलं की डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय, पुढच्या उन्हाळ्यात ऑपरेशन करू म्हणतात. आत्या, बाबांना सांगू नकोस. ते बेट गुंडाळून ठेवतील. एकच रस्ता राहिलाय, हळूहळू जाऊन येईन. मी हो म्हणाले. आई नसलेलं पोर, मागितलेल्याला मी कधी नाही म्हणाले नव्हते, तेव्हाही नाही म्हणाले.

मग त्याचे वीस हजार आले आणि तू चिडून पत्र लिहिलंस. पावलं मोजतोस की वाटेत गप्पा मारतोस, पुन्हा जा, आणि या वेळी नीट. ते तू मला वाचून दाखवलंस. तुला संशय येऊ नये म्हणून मी म्हणाले, बरोबर आहे, झापायलाच हवा. गप्प बसता आलं असतं मला. तेही केलं नाही.

कंपनीच्या कागदावर त्यानं जवळचं माणूस म्हणून माझा पत्ता दिला होता, म्हणून सामान माझ्याकडे आलं. त्याचा कोट माझ्या पेटीत आहे. खिशात आगपेटीच्या काड्याच काड्या, पेटी मात्र नाही. मला वाटलं, पोरगा ओढायला लागला होता, तुला कळलं तर मेल्यावरही त्याला झापशील. म्हणून तेही लपवलं. कारकुनानं केलेली यादी सोबत पाठवते. त्यानं खिसा न् खिसा लिहिलाय, तुझ्यासारखाच कुणी असावा: डावा खिसा, काड्या एकोणसाठ. उजवा खिसा, काड्या एकशे एक्केचाळीस. खाली लिहिलंय, तो वाटेवरच्या झोपडीच्या बाकावर सापडला, सात किलोमीटर दोनशे मीटरच्या दगडाजवळ.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. लोभ ठेव असं लिहायला हात उचलत नाही.

अक्का


२४ फेब्रुवारी
पायथ्याच्या गावातून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काड्या ओढायच्या नव्हत्या, अक्का. आठ वर्षांचा असताना मीच त्याला शिकवलं होतं. दोनशे काड्या डाव्या खिशात भरायच्या आणि दर शंभर पावलांना एक उजव्या खिशात टाकायची. म्हणजे बोलताना, धापा टाकतानासुद्धा मोजणी चुकत नाही.

एकशे एक्केचाळीस काड्या म्हणजे चौदा हजार शंभर पावलं. झोपडीपर्यंत सात किलोमीटर दोनशे. भागून बघितलं, पाऊल एक्कावन्न सेंटिमीटर. पहिल्या खेपेला, बारा किलोमीटरला वीस हजार, म्हणजे साठ होतं. पोराचं एकही पाऊल मोजायला चुकलेलं नाही. पाऊलच आखूड झालं होतं, आणि मी घरी बसून ऐंशीनं गुणत होतो.

सोमवारी माझ्या पावलानं चढलो. छापील नकाशा बरोबर आहे, बाराच किलोमीटर. मंगळवारी दोन्ही घोट्यांना दोरी बांधली, पाऊल एक्कावन्नच्या पुढे जाऊ नये म्हणून, आणि पुन्हा निघालो. येणारेजाणारे थांबून बघत होते. झोपडीपर्यंत तीन तास पंचावन्न मिनिटं लागली. एक्कावन्नच्या पावलानं सगळं दिसतं. दगडाखालून वाहणारं पाणी दिसतं, नखाएवढे बेडूक दिसतात, नेच्याची घट्ट गुंडाळलेली पानं दिसतात. हे सगळं त्यानं पहिल्या खेपेनंतरच्या पत्रात लिहिलं होतं. त्यावरूनच मी म्हणालो होतो की हा मोजत नाही, रमतगमत जातो.

बाकावर बसलो थोडा वेळ. दुकानातून घेतलेल्या एकोणसाठ काड्या माझ्याजवळ होत्या. त्याच्या राहिलेल्या. तिथून पुढे त्याच पावलानं निघालो. रस्ता जिथे संपतो त्या चौकीच्या अलीकडे एक किलोमीटर आठशे मीटरवर काड्या संपल्या. पहिल्या खेपेइतक्याच लागतील असं धरून निघाला होता पोरगा.

तुझ्यावर चार दिवस रागावलो. मग आठवलं, तू झापायलाच हवा म्हणालीस तेव्हा माझं पत्र लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून झालं होतं. तेवढं तू तुझ्या अंगावर घेऊ नकोस. ते माझं आहे.

कोट उन्हात घाल. काड्या एकत्र करू नकोस, डाव्या खिशातल्या डाव्यात, उजव्या खिशातल्या उजव्यात असू देत. आणि आता बेटावरची चादर काढलीस तरी चालेल.

तू जेवत जा. मी येतोय, दोन पानं वाढायची सवय पुन्हा लावून घे.

तुझा
धाकटा

ता. क. संग्रहालयात जाऊन आलो. छापील नकाशा बरोबर आहे, असं मीच सांगितलं. पदवीधर साहेब खूश झाले. म्हणाले, मग डोंगर चार किलोमीटरनं, म्हणजे आठ सेंटिमीटरनं कापून द्या. दर्शनी दालन, पितळी पाटीवर तुमचं नाव, आणि रक्कम रोख. मी नको म्हणालो. डोंगर सोळाचाच राहील, आपल्या मागच्या खोलीत. रकमेचा आकडा लिहून ठेवतो, नाहीतर तू मनानं घालशील: दोन लाख चाळीस हजार.