फणसाच्या लाकडातलं सुऱ्यांचं घर

३ मार्च, मंगळवार

फणसाचं लाकूड आतून पिवळं असतं! अंड्यातल्या बलकासारखं पिवळं. आजवर एवढे फणस खाल्ले, झाडाच्या पोटात हा रंग आहे हे ठाऊकच नव्हतं. शेजारच्या सालोंगोचं झाड गेल्या वर्षी वादळात आडवं झालं, तेव्हापासून ओंडका त्याच्या छपराखाली वाळत पडला होता. आज त्याच्या फळ्या पाडत होता. भुसा उडून माझ्या पायांवर पडला. मी बघतच राहिले.

"काय गं शिंपीणबाई, भूत पाहिलंस का?" — आणि लगेच जीभ चावली त्यानं. माझ्यासमोर भुताखेताचं बोलायचं नाही असं आळीनं ठरवलेलं दिसतंय.

"एक तुकडा दे मला," म्हटलं.

"काय करणार?"

तोंडातून निघून गेलं — "सुऱ्यांना घर."

करवत थांबली. मागे आई, माझ्या सासूबाई, उभ्या होत्या, माझ्या तान्ह्या किसाला पाठीशी बांधून.

४ मार्च, बुधवार

लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खोटं वाटेल. आमच्या घरात सुरी नाही. एकही नाही.

किसा झाली आणि मला आवाज ऐकू यायला लागले. एका सकाळी मी केळीच्या बागेत सुरी हातात घेऊन उभी होते म्हणे. स्वतःचं नाव सांगता येईना. कुणाला काही केलं नाही मी — पण माझ्या नवऱ्याचा, लुबोवाचा चेहरा त्या दिवशी म्हातारा झाला तो झालाच. मसाकाच्या दवाखान्यात नेलं. परत आले तर सुऱ्या, माझी शिवणाची कात्री, सगळं शेजारी नालोंगोच्या, म्हणजे सालोंगोच्या बायकोच्या, घरी जाऊन पडलेलं. आणि सासूबाई गावाहून इथं राहायला आलेल्या. मामंजींना जाऊन तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. "आई तुझ्यासाठी आलीये," लुबोवा म्हणाला. तो ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. घरात आम्ही तिघीच.

रोज सकाळी आई किसाला पाठीशी बांधतात, डोक्यावर शिजवायच्या हिरव्या केळ्यांचा घड घेतात आणि नालोंगोकडे जातात. परत येताना सोललेली केळी पानात गुंडाळलेली. शिजवायचं मी. आमच्या क्योतेरात, जिथं पोरगी चालायला लागायच्या आधी केळी सोलायला शिकते, तिथं माझं स्वयंपाकघर असं!

आवाज आता नाहीत. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरी झालीस, नकित्तो." पण हे घराला कोण सांगणार?

५ मार्च, गुरुवार

रंग परत आलेत. आज दोरीवर वाळत घातलेलं आईंचा निळा पायघोळ झगा, गोमेसी, पाहून डोळ्यांत पाणी आलं. निळा एवढा निळा असतो?

८ मार्च, रविवार

लुबोवा घरी. जेवताना विषय काढला. तो म्हणाला, "सुऱ्यांचा स्टँड? अगं बाजारात प्लास्टिकचा मिळतो."

"मला करायचाय."

त्यानं आईंकडे पाहिलं. आई ताटातलं शेंगदाण्याचं कालवण बोटानं निपटत होत्या. "आमच्या वेळी सुरी केळीच्या खुंटात खुपसायची आणि कामाला लागायचं. सुरीला कसलं घर? उद्या उलथन्याचं लग्न लावाल!"

लुबोवा हसला. मी हसले. आमच्या घरातलं हसू मी विसरलेच होते — छपराला लागतं ते, खाली येतं, परत लागतं!

मग आई मान न उचलता म्हणाल्या, "करू दे तिला."

एवढंच. पण मला रात्रभर पुरलं.

१० मार्च, मंगळवार

घर करायचं तर माप हवं. माप घ्यायला सुऱ्या हव्यात. त्या तर मला दाखवतसुद्धा नाहीत! दुपारी रडकुंडीला आले होते. आईंना बोलले नाही, पण कळलं असावं. संध्याकाळी नालोंगोकडून आल्या ते साखरेच्या पिशवीचा कागद घेऊन. नालोंगोनं एकेक सुरी कागदावर आडवी ठेवून कोळशानं कडेकडेनं रेघ ओढलेली. माझ्या सगळ्या सुऱ्या!

ही छोटी वाकडी, केळी सोलायची. ही लांब, बकऱ्याच्या मांसाची. ही दातेरी, लुबोवानं कंपालाहून आणलेली, पावाची. नालोंगोनं मुठीवरचा चिरासुद्धा काढलाय. काय बाई आहे!

कागद जमिनीवर पसरला आणि लांब सुरीच्या आकृतीवर तळवा ठेवला. काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. हात नुसता हात होता. थोडा काळा झाला, कोळशानं.

११ मार्च, बुधवार

लाकडात खोल खाचा कोरणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून कापडासारखा विचार केला. बाहीला अस्तर लावतो तसं — एक फळी, तिच्या दोन कडांना बारीक पट्ट्या, वर दुसरी फळी. मध्ये राहील ती फट म्हणजे सुरीची जागा. मग पुन्हा पट्ट्या, पुन्हा फळी. तळ उघडा ठेवायचा, म्हणजे पाणी खाली गळेल. केळीचा चीक आणि पाणी एकत्र साठलं की पातं काळं पडतं. आणि सगळं जरा मागे रेलून, खुर्चीत बसलेल्या माणसासारखं. मूठ आपणहून हातात यायला हवी.

पुठ्ठ्याचा नमुना केला. कात्री नाही! घडी घालून, जिभेनं ओली करून फाडला. सरळ फाटला!!

१४ मार्च, शनिवार

सालोंगोच्या छपराखाली सकाळपासून. त्यानं करवत हातात दिली तेव्हा मीच दचकले. "सुरी चालत नाही, आणि ही चालते?"

"सुरीचं मला माहीत नाही," तो म्हणाला, "माझ्या करवतीनं आजवर माझंच बोट कापलंय. दुसऱ्या कुणाला ती विचारत नाही."

आई जवळच होत्या, पण आमच्याकडे पाठ करून बसलेल्या. किसाला मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत. सून करवत चालवतेय हे बघवत नसेल.

पहिली फळी वाकडी गेली. सालोंगो पोट धरून हसला. "हे सुऱ्यांचं घर की सापाची वाट?" दुसरी कमी वाकडी. तिसरीला मधेच काहीतरी झालं — मी ढकलायचं सोडलं, करवतच जायला लागली. हात, खांदा, श्वास, सगळं एका तालात. शिवणयंत्रावर पाय बसायचा तसं. मी आहे! हे मी करतेय! ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. आळी घाबरली असती.

केसांत भुसा आहे अजून. झाडणार नाही.

१५ मार्च, रविवार

बिघडलं. सरस जास्त झाला, फटींत उतरला आणि आतच सुकला. केळीची सुरी काय, पानसुद्धा जाईना. त्यात पाऊस, लाकूड फुगलं. लुबोवा म्हणाला, "राहू दे, पुष्कळ झालं." त्याचा हेतू वाईट नव्हता. तरी राग आला. राग यायलाही माणूस बरं असावं लागतं!

आईंनी बिघडलेला ठोकळा उचलून उन्हात ठेवला. "चुलीत घालू नकोस. किसाला बसायला होईल."

१७ मार्च, मंगळवार

नव्यानं. या वेळी सरस काडीनं लावला, थेंब थेंब. फटींत तेल लावलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून ठेवल्या, सुकल्यावर ओढून काढायच्या. दोरीनं आवळला, वर जात्याएवढा दगड.

१८ मार्च, बुधवार

पुठ्ठे सुटले! सगळे! फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. डोळा लावून पाहिलं — पलीकडे किसा, उजेडाच्या एका चिरेत, माझ्याकडे बघत होती. हिला मी जन्म दिला तेव्हा मी कुठे होते? ते दिवस मला आठवत नाहीत. ती मात्र माझ्याकडे रुसून बघत नाही. आज माझा गुडघा धरून उभी राहिली. आधार घेतलेला, पण उभी! माझ्या गुडघ्याचा आधार!

आईंना हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, आणि तोंडावर हात धरला. "लुबोवा असाच उभा राहिला होता. त्याच्या बापानं बाग अर्धी टाकून धाव घेतली होती." मामंजींचं नाव त्यांनी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काढलं.

२१ मार्च, शनिवार

घासून, तेल चोळून तयार. पिवळा रंग तेलानं मधासारखा झाला. सालोंगो म्हणतो उन्हावाऱ्यात आणखी गडद होत जाईल, म्हातारपणी तपकिरी. "तुझ्यासारखाच," असंही म्हणाला. नालोंगोनं त्याच्या पाठीत रट्टा घातला.

मग नालोंगो घरात गेली आणि फडक्यात बांधलेल्या सुऱ्या घेऊन आली. फडकं माझ्या हातात दिलं. मी गुडघे टेकून घेतलं, थोरामोठ्यांकडून घेतात तसं. तिनं मला उठवलं.

घरी चुलीजवळच्या फळीवर स्टँड ठेवला. एकेक सुरी सोडली. लाकडात पातं उतरताना आवाज येतो — अगदी बारीक, कुणी झोपेत कूस बदलल्यासारखा. सगळ्या बसल्या. एकही अडली नाही. मी समोर जमिनीवर बसले. देवळात बसावं तशी. माझ्या हातांनी झालंय हे!

आई त्या वेळी विहिरीवर गेल्या होत्या. घागर भरलेली होती, तरी गेल्या.

२२ मार्च, रविवार

केळी मी सोलली. माझ्या घरात, माझ्या सुरीनं. बोटं काही विसरली नव्हती! अंगठा मागे, पातं सालीखाली, एक ओढ आणि साल अख्खी. हात चिकानं काळे. केवढे सुंदर काळे! पानात बांधून वाफेवर ठेवली. लुबोवा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. नाक ओढलं त्यानं. धूर होता, म्हणाला.

आई आत आल्या नाहीत. अंगणात बसून जेवल्या. पाणी हवं होतं तेही बाहेरूनच हाक मारून मागितलं. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान वळवली.

म्हणजे अजून विश्वास नाही. असू दे.

२४ मार्च, मंगळवार

आज विचारलं. "आई, अजून माझी भीती वाटते तुम्हाला?"

त्यांनी किसाला मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "तुझी कधीच वाटली नाही, पोरी. माझी वाटते. हे गेले, घरात मी एकटी, आणि रोज ती सुरी समोर. एक दिवस तिच्याकडे भलत्याच मनानं बघत बसले. त्याच आठवड्यात लुबोवाचा निरोप आला, नकित्तो आजारी आहे, घरातल्या सुऱ्या हलवल्यात. मी धावत आले. सगळ्यांना वाटलं तुला राखायला. नालोंगोकडे मी सोलत नव्हते. ती सोलायची, मी पाठ करून बसायचे. तिला सगळं ठाऊक आहे."

मी स्टँड उचलला, परत नालोंगोकडे नेऊन ठेवायला. त्यांनी मनगट धरलं. "आज ने. पण मोडू नकोस. बरी झाले की मला त्याच्याशेजारी बसून केळी सोलायचीयेत."

उद्या पहाटेच्या गाडीनं मसाकाला, डॉक्टरीणबाईंकडे, या वेळी आईंसाठी. किसा माझ्या पाठीवर. आणि आईंचा हात मी धरणार.