तुमच्या सहीचं धरण

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याविषयी कोणापुढे वाईट शब्द काढला नाही. यंदा पहिल्यांदा काढला, आणि आज इथेही काढते आहे. ऐकायला तुम्ही नाही हे बरंच आहे, असता तर दुसऱ्या वाक्यालाच गप्प बसवलं असतं. हे कागद कुठे टाकायचे तेही मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

वरूडच्या अंगाला जे लहान मातीचं धरण आहे, जिथे तुम्ही शाखा अभियंता म्हणून उभी नोकरी काढली, ते आता माझ्याकडे आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा तपासणी करायची, फॉर्म भरायचा, दोष दिसला तर त्याचा वर्ग लावायचा. तिसरा वर्ग म्हणजे किरकोळ डागडुजी, दुसरा म्हणजे लवकर दुरुस्ती, पहिला म्हणजे धरण फुटू शकतं, आधी पाणी खाली करा. तुमच्या वेळचे फॉर्म कपाटातून काढून बसले होते. प्रत्येकावर तुमचं ते वळणदार अक्षर, 'स्थिती समाधानकारक'. एका वर्षी तर मागच्या वर्षीची तारीखसुद्धा जशीच्या तशी उतरवली आहे तुम्ही. काही वाटलं नाही का हो हाताला?

तुमची तपासणी म्हणजे रोडग्यांचं जेवण, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मोठे साहेब अमरावतीहून यायचे, धरणाच्या मागच्या उतारावर त्या एकट्या कडुलिंबाखाली सतरंजी पडायची, गवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वर हात सैल सोडून तूप. साहेब जेवता जेवता मान वर करून धरणाकडे बघायचे आणि तपासणी व्हायची. मातीच्या धरणावर झाड वाढू द्यायचं नाही, हे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. मुळं आत शिरतात, झाड वाळलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. बाभळी तुम्ही दरवर्षी तोडून घ्यायचात. हे एक झाड तेवढं राखलं, का तर साहेबांच्या पानाला सावली पाहिजे.

मी सातवीत होते त्या वर्षी तुम्ही मला सोबत नेलं होतं. त्याच सकाळी तुम्ही मला काचेचा एक गिलास दिला होता आणि पाझर कसा तपासायचा ते शिकवलं होतं. "पायथ्याले पानी दिसलं का गिलासात घ्याचं अन् घडीभर ठेवाचं. निवळ असन तं खुशाल झोपाचं. बुडाले माती बसली तं समज, धरन आतून धुऊन चाल्लं." मला केवढी मोठी विद्या मिळाल्यासारखं झालं. मी पायथ्याला उतरते, गवतात हात घालून गिलास भरते, दगडावर ठेवून समोर बसून राहते. बुडाला बोटभर माती बसते. गिलास दोन्ही हातांनी धरून मी वर येते. तुम्ही वाकून साहेबांना तूप वाढताय. "बाबा, पाहा ना, माती बसली." साहेब हसतात. तुम्ही माझ्या हातून गिलास घेता, पाणी गवतात ओतता आणि म्हणता, "मोठ्याइच्या मधात काहून बोलतं तू? जाय, गाडीत जाऊन बस." मी गाडीत बसले. रोडगा कोणी आणून दिला, तो खाल्ला नाही. परतताना तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखं बोललात, "पानी खाली करा म्हनलं तं सारं गाव जोड्यानं मारते." म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही चुकला असतात तर मी माफ केलं असतं. तुम्हाला कळलं होतं, हे काही मला गिळता येत नाही.

यंदा पावसाळा संपल्यावर मी गेले. तुमच्या हाताखालचा चौकीदार अजून आहे, म्हातारा झाला. लिंब वाळून गेला, खोड तेवढं उभं आहे. त्याच्या बरोबर खाली, पायथ्याला, मनगटाएवढी धार लागलेली, चहासारखी गढूळ. चौकीदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाबानंच सांगतलं होतं, या झाडाले हात लावू नोका." मी पहिला वर्ग लावला आणि पाणी सोडायला लावलं. धरणात रब्बीचं आणि संत्र्याच्या बागांचं पाणी होतं, सगळं नाल्याला लागलं. दुपारपर्यंत पन्नासेक माणूस जमा. पुढे एक पिकल्या मिशांचा बागवाला होता. "तुमच्या बाबानं जलमभर आमचं पानी राखलं, मॅडम. अन् तुमी एका दिसात नाल्यात सोडून राह्यले. देवमानूस होता तो." मी म्हटलं, देवमाणूस नव्हता, भित्रा होता. लोकांनी शिव्या दिल्या म्हणजे त्याला झोप येत नव्हती, म्हणून त्यानं तुमच्या डोक्यावर फुटकं धरण ठेवलं. असंच म्हटलं, चारचौघांत. मला जराही वाईट वाटलेलं नाही. चौकीदार मात्र तोंड फिरवून उभा राहिला.

मग नाल्याकाठच्या वस्तीतली एक बाई पुढे आली. कडेवर पोरगं. ती भांडायला आली नव्हती. तिनं विचारलं, "मॅडम, आज घरी झोपाचं का नाई?" मी सांगितलं, पाणी उतरेपर्यंत वरच्या शाळेत झोपा. तिनं मान हलवली, जायला निघाली, आणि परत वळली. "मंग एवढे पावसाळे आमी झोपलो, थे?"

तिला काय सांगितलं, तेवढं लिहायचं राहिलं आहे. मी सांगितलं, बाई, हे आधी नव्हतं, यंदाच झालं. अहवालातही तसंच लिहिलं. आधीपासूनचं म्हटलं असतं तर तुमच्याकडे असलेली, तुमच्याच सहीची बाकी तीन धरणंही खात्यातले लोक खोदून बघायला निघाले असते, आणि निघायलाच पाहिजे होते. त्यांच्याही खाली माणसं झोपतात. पोरीनं बापाचं नाव राखलं म्हणून खूश होऊ नका. तुमच्या नावाचं मला काही पडलेलं नाही. मागच्या दोन वर्षांचे फॉर्म माझ्या अक्षरात आहेत, बाबा. ऊन फार होतं, मी गाडीतून उतरलेच नव्हते.