साहेब बदलला, आता सुटी मिळेल

जरीपटका रोड, नागपूर
नोव्हेंबर २००८

चि. प्रेमानंद यास,

ताईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तब्येत विचारली की तू फोनवर "मजेत" एवढंच म्हणतोस आणि मग लाइन कट होते. (तुमच्या देशाने एवढी प्रगती केली म्हणतात, तरी ताईचाच फोन आला की लाइन कशी तुटते, हे तुझ्यासारख्या इंजिनियरनेच सांगावं.) म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. पत्राची लाइन कट होत नाही, आणि मधेच "ताई, मीटिंग आहे" असंही म्हणता येत नाही. माझे गुडघे होते तसेच आहेत. आईचं बी.पी. ताब्यात आहे, आई नाही. तुझी भाची श्वेता कॉलेजात कमी आणि आरशासमोर जास्त असते. तिच्यावरून आठवलं, तिला वाचा फुटली तेव्हा पहिला शब्द "मामा" होता. आता ती मामाला फोटोवरून ओळखते. असो, टोमणे शेवटी मारायचे असं ठरवून बसले आहे.

तर तुमच्याकडच्या निवडणुकीचा निकाल. तू तिथे असून तुला तो कळला असेलच, पण आपल्या गल्लीत तो कसा लागला हे तिथल्या कोणत्या चॅनेलवर दिसलं नसणार. तुझा शाळेतला जोडीदार गोविंदा, जो कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी काटा सांभाळतो, तो त्या दिवशी कामावर गेलाच नाही. सकाळीच आपल्याकडे येऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसला. त्याच्यामागे अर्धी गल्ली आली. दारात चपलांचा असा ढीग की दूधवाल्याला वाटलं घरात काही बरंवाईट झालं, तो डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. गोविंदा सगळ्यांना अमेरिका समजावून सांगत होता. कोणतं राज्य म्हणजे आपलं उत्तर नागपूर, कोणतं म्हणजे उमरेड, कुठे मतं फुटतात, कुठे रात्रीतून वारं फिरतं, सगळं त्याला पाठ. (मनपाच्या निवडणुकीत हाच माणूस तीनदा तोंडावर आपटला आहे.) मग पडद्यावर तो चेहरा आला, खाली मोठ्या अक्षरांत तो जिंकल्याचं आलं, आणि गंमत म्हणजे कोणीच टाळी वाजवली नाही. गोविंदा उठला, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा राहतो तसा सरळ उभा राहिला, आणि हळूच "जयभीम" म्हणाला. मग एकेक करून सगळेच उठले.

मी रडले. त्यात लाज कसली? ज्या माणसांना त्या देशात बसच्या मागच्या बाकांवर ढकलायचे, त्यांच्यातला एक माणूस आता त्या देशाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसणार. मला त्या वेळी तो नाही दिसला, बाबा दिसले. मिलमध्ये वेगळ्या माठातलं पाणी पिऊन ज्यांनी आपल्याला शिकवलं ते बाबा. ते असते तर उठले असते, अंघोळ केली असती आणि धम्मदिनाचे पांढरे कपडे घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले असते. बाबा हवे होते रे. आणि तू हवा होतास. तेवढ्या गर्दीत घर मला रिकामं वाटलं.

अर्थात आपल्या लोकांना फार वेळ रडता येत नाही. लगेच वाद सुरू झाला. गोविंदा म्हणाला, "आपल्यातलाच हाय गा तो." श्वेताने त्याला सांगितलं की निवडून आलेल्याची आई गोरी होती. गल्लीतल्या बायकांना हे नवीन होतं. मग गोविंदाने विचार करून निकाल दिला, "म्हंजे आंतरजातीय. तवा तं सरकारी अनुदानबी भेटलं असन त्यायले." यावर सगळ्यांचं समाधान झालं आणि चहा ठेवला गेला.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कृष्णकांत बसतात, हुडकेश्वरचे, तुला मी त्यांच्याबद्दल सांगितलं आहे (पंखा कायम स्वतःकडे वळवून घेणारे). ते मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, बघा, तिकडे कसं सगळं गुणवत्तेवर होतं. मी म्हटलं, हो ना, आणि गुणवत्ता इतकी वर्षं कुठे जाऊन बसली होती, तेही एकदा त्यांनाच विचारू. कृष्णकांतांनी पंखा आणखी स्वतःकडे वळवून घेतला. पण जेवणाच्या सुटीत स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले, डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी माझ्यापुढे सरकवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, आमच्या अदितीचं तिकडे शिकायला जायचं चाललंय, आता तुमच्या भावाचा शब्द चालत असेल. मी वडी खाल्ली आणि बघते म्हटलं. वडी चांगली होती. माणूसही तसा वाईट नाही, फक्त पंखा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे फ्लेक्स. गोविंदाने चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. वर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, खाली नवे राष्ट्रपती, आणि त्यांच्याभोवती गॉगल लावलेली, कानाला मोबाइल धरलेली आपली सगळी समिती. अमेरिकेत आपला माणूस असताना त्याला वगळायचं कसं, म्हणून तूही आहेस, "प्रेमानंद (अमेरिका)". तुझा फोटो मीच दिला, कॉलेजातल्या गॅदरिंगचा, डोक्यावर केस असलेला. फ्लेक्स करणाऱ्याला कंसातल्या गावाचं महत्त्व वाटलं असावं, त्याने तुला राष्ट्रपतींपेक्षा मोठा केला. त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्यांची खात्री झाली आहे की निवडून तू आला आहेस आणि शेजारचा सावळा गृहस्थ तुझा प्रचारप्रमुख आहे. एका पतसंस्थेचे अध्यक्ष हार घेऊन घरी आले. हार परत कसा पाठवायचा, म्हणून मी तो घालून घेतला.

पण खरं सांगायचं ते आईचं. आई रोज दुपारी चौकात जाते, पानठेल्यावरची प्लास्टिकची खुर्ची मागून घेते आणि तुझ्यासमोर बसते. मोतीबिंदूमुळे घरातला फोटो तिला नीट दिसत नाही, हा दिसतो. कधी पदराने डोळे पुसते आणि विचारलं तर धुळीवर ढकलते. परवा गोविंदाला म्हणाली, "पोराच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं, ते पाटी थोडी फिरव ना गा." आता त्या जागेवर कोणा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचा आहे आणि गोविंदा आईसमोर हा काढायला धजत नाही. रोज शिडी आणतो आणि रोज परत नेतो.

याच्या मुळाशी माझीच एक चूक आहे. बाबा गेले तेव्हा तू फोनवर म्हणालास, साहेब सुटी देत नाही. त्यानंतर दर दिवाळीला, दर धम्मदिनाला तोच साहेब आणि तीच सुटी. आईने त्या साहेबाला इतक्या वर्षांत ज्या शिव्या घातल्या आहेत त्या लिहिल्या तर पोस्ट खातं पाकीट परत पाठवेल. तर निकालाच्या दिवशी, सगळे उभे असताना, तिने माझा हात ओढून विचारलं, "म्हंजे तिथला साहेब बदलला का वं?" मी रडत होते, मी म्हटलं, हो आई, सगळ्यात मोठा साहेब बदलला. झालं. संध्याकाळपर्यंत तिने गल्लीभर सांगितलं की जुना साहेब गेला, नवा आपल्यातला आहे, तो सुटी देणार आणि प्रेमानंद येणार. तुझ्या खोलीतली माझी शिलाई मशीन बाहेर गेली आहे. गाद्या उन्हात पडल्या आहेत. शेजारची रुख्मिणी मला रोज तारीख विचारते आणि मी रोज नवा रस्ता धरून ऑफिसात जाते.

मी तुला ये म्हणत नाही. अजिबात येऊ नकोस. तुझी नोकरी आहे, मीटिंगा आहेत, तिकिटं महाग आहेत, आणि आमचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू गेलास तेव्हा बाबा भेटेल त्याला सांगायचे, बाबासाहेब शिकले त्या देशात माझा पोरगा गेला. मीही सांगायचे, अजून सांगते. फक्त बाबासाहेब शिकून परत आले होते, एवढं बाबा सांगायचे नाहीत. त्यांना वाटायचं, पोराला ते माहीत असणारच.

भावजयीला आणि मुलांना जयभीम. थंडीत कान बांधत जा.

तुझी ताई,
रोशनी

ता. क. – कृष्णकांतांच्या अदितीला कॉलेजाबद्दल काही विचारायचं आहे, तिला तुझा नंबर दिला आहे. तिचा फोन आला तर लाइन कट करू नकोस.

ता. क. २ – वर "अजिबात येऊ नकोस" असं लिहिलं गेलं आहे. ते खोडणार होते, पण शाईचा पेन आहे आणि कागद पातळ. तू ते वाचू नकोस.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायला मन धजेना, म्हणून आत्ता आईला खरं सांगून टाकलं. म्हटलं, आई, तो देशाचा राष्ट्रपती आहे, तो कोणाला सुट्या देत नसतो. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले का समजत नाही का वं? बापाच्या मातीले आला नाही, तवापासून शरमून राहिला पोरगा. कोन्या तोंडानं येईन तो? त्याले निमित्त पायजे. म्हनून साऱ्या वस्तीले सांगून ठेवलं मी, का साहेबच खराब होता, पोराचा काही दोष नोयता. आता तं साहेब बदलला. कोनी काही इचारनार नाही. ये म्हना त्याले."