लिफ्ट : थ्रू प्रॉपर चॅनेल

३ फेब्रुवारी, मंगळवार
लिफ्ट बंदच. संक्रांतीपासून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकून बसली आहे. आम्ही चौथ्यावर. आज शिवलीलाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, २ मार्च. त्यानंतर बरेच दिवस जिना नको, असं डॉक्टरांनी बजावलंय.
शिवलीला म्हणाली, हंबीरभावजींना मी सांगते, ते चेअरमन हायेत, माणूस बोलावतील. हसू आलं. बायकांना वाटतं सांगितलं की झालं. कागल एमआयडीसीत अख्खी नोकरी क्वालिटीत काढली. तोंडी सांगून तिथं नट बदलत नव्हता. तिला शब्द दिला : दवाखान्यातून येशील ती लिफ्टनंच वर येशील.
संकल्प : रोज फॉलोअप. चिडायचं नाही. ही डायरी त्यासाठीच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
तक्रार अर्ज टाईप केला. विषय, संदर्भ, सगळं. हंबीररावांना जिन्यातच गाठलं. हा माणूस ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतो, आणि शोरूममध्ये बोलतो त्याच आवाजात जिन्यातही बोलतो. म्हणाला, "अण्णा, लेखी कशाला? मी फोन लावलाय की लिफ्टवाल्याला." म्हटलं, फोनचा रेकॉर्ड राहत नाही. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे. अर्ज घडी करून खिशात टाकला. पोचसुद्धा दिली नाही.
सोसायटीत शिस्त नाही. आता मी आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार
महत्त्वाचा दिवस. सकाळी गेटवर एक इसम टूलबॉक्स घेऊन हजर. लिफ्ट दुरुस्तीला आलोय म्हणाला. विचारलं, वर्क ऑर्डर? नाही. कोटेशन? नाही. "हंबीरदादांनी बोलावलंय," एवढंच. समजावून सांगितलं की सोसायटीचा पैसा असा खर्च होत नाही. ऐकून घेतलं त्यानं. मोटारसायकल वळवून गेला.
दुपारी हंबीरराव दारात. "अण्णा, आलेला माणूस घालवलासा? हजार येळा फोन केल्यावर आलता त्यो!" अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं. मी शांत राहिलो. शिवलीलाही शांतच होती, पण तिची शांतता जरा वेगळी वाटली. बहुधा गुडघा दुखत असावा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
माझ्या मागणीवरून खास सभा. पार्किंगमध्ये. ठराव मांडला : तीन कोटेशन आल्याशिवाय लिफ्टचं काम देऊ नये. एकमतानं मंजूर! सगळे इतक्या चटकन उठले की टाळ्या राहून गेल्या. डास फार होते.
उपसमिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य होण्यासाठी कुणी नाव दिलं नाही. एका अर्थी बरंच. निर्णय लवकर होतील.

१५ फेब्रुवारी, रविवार
महाशिवरात्र. उपवास. आज सोसायटीचा विषय काढायचा नाही, असं ठरवलं होतं. देवळाच्या रांगेत पहिल्या मजल्यावरचे पाटील भेटले. काढला. पाटील रांग सोडून मागं गेले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दोन कोटेशन हातात. फाईलला पिवळं कव्हर घातलं. तिसरा येत नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, त्या दोघांना बघून झालंय ना तुमचं, मग मला कशाला पळवतासा? स्पर्धेची भावनाच उरली नाही लोकांत.
शिवलीलानं विचारलं, लिफ्ट कुठवर आली? म्हटलं, नव्वद टक्के काम झालंय. ती म्हणाली, मग लिफ्ट पण नव्वद टक्के वर यायला पायजे की. विनोद बरा होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार
ग्रुपवर रोज सकाळ-संध्याकाळ रिमाइंडर टाकतोय. ठळक अक्षरांत. आज तळमजल्यावरच्या मलिकाभाभींनी प्रेमानं सुचवलं, "भाईसाब, जरा कमी मेसेज टाकत जा, बऱ्याच जणांनी ग्रुप म्यूट केलाय." म्हणजे मेसेज पोचतोय! नाहीतर म्यूट कशाला करतील?

१ मार्च, रविवार
ॲडमिट करायला नेलं. शिवलीला कठडा धरून एकेक पायरी उतरली. प्रत्येक मजल्यावर थांबली. मी बॅगा घेऊन मागं. म्हटलं, येताना हा त्रास नाही.
तिसऱ्या कोटेशनवाल्याला दवाखान्याच्या कॅन्टीनमधून फोन केला. उचलला नाही.

२ मार्च, सोमवार
ऑपरेशन छान झालं. डॉक्टर खूश. गुंगीतून बाहेर आल्यावर तिचा पहिला शब्द : "लिफ्ट?"
पंच्याण्णव टक्के म्हणालो.

६ मार्च, शुक्रवार
डिस्चार्ज. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये.
हंबीररावांनीच खुर्ची आणली. हातांची, प्लास्टिकची. त्यात शिवलीलाला बसवलं. एका बाजूनं हंबीरराव, एका बाजूनं मलिकाभाभींचे मिस्टर फक्रुद्दीन, मागं पाटील. मी पुढं राहून सूचना देत होतो : डावीकडं, सावकाश, वळण आलं. पाटील म्हणाले, अण्णा, तुम्ही गप बसलासा तर लई मदत हुईल.
वळणावर खुर्ची कलली. शिवलीलानं ओठ दाबून धरले. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी भिंतीकडं बघत राहिलो.
दुसऱ्या मजल्यावर दम खायला खुर्ची खाली ठेवली. समोर लिफ्टचं बंद दार. शिवलीलानं विचारलं, "भावजी, काय अडलंय हिचं?"
हंबीररावांनी घाम पुसला. माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "वैनी, तिसरं कोटेशन."
"कुणाला पायजे ते?"
सगळे एकाच दिशेला बघत होते. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.
ती म्हणाली, "उद्या त्या माणसाला बोलवा."
मी ठरावाची आठवण करून दिली. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बोलवा, भावजी."
फक्रुद्दीनभाई म्हणाले, चला, उचला. वर पोचेपर्यंत मी सूचना दिल्या नाहीत. घसा बसला होता.

७ मार्च, शनिवार
तोच टूलबॉक्सवाला इसम. कसला तरी एक पार्ट बदलला. चहाच्या वेळेला लिफ्ट चालू! महिनाभराच्या फॉलोअपला अखेर यश. ग्रुपवर तसा सविस्तर मेसेज टाकला. एकच अंगठा आला. माझाच होता, चुकून दाबला गेला.
शिवलीलाला म्हटलं, बघ, दिलेला शब्द पाळला. ती पायाखाली उशी घेत होती. म्हणाली, "व्हय. फक्त आदल्या दिवशी पाळायचा हुता."
यावर बरंच काही लिहिता येईल. आज नको.

१५ मार्च, रविवार
नवीन सेक्रेटरी निवडायची सभा, यावेळी तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात. लिफ्ट प्रकरणानंतर नाव कुणाचं येणार, हे उघड होतं. भाषण पाठ केलं, इस्त्रीचा शर्ट घातला. शिवलीला वॉकर घेऊन लिफ्टनं खाली आली. सगळ्यांनी उठून तिला जागा दिली.
हंबीरराव गरजले, "आपल्याला काम करून घेणारा माणूस पायजे. सरळ सांगतो, शशिधर अण्णांच्या घरातला—"
मी उठायला लागलो.
"—शिवलीला वैनी!"
टाळ्या. यावेळी कुणाला घाई नव्हती. मी अर्धा उठलेला. तसाच पुढं गेलो आणि पंख्याचा रेग्युलेटर कमी केला. कुणीतरी करायलाच हवा होता. हवा फार होती.
सभा संपल्यावर नव्या सेक्रेटरींना वर सोडायला झुंबड. मलिकाभाभी, हंबीरराव, पाटलीणबाई, वॉकर. मीही आत पाय टाकला. लिफ्ट कुंई कुंई करायला लागली. ओव्हरलोड. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
शिवलीला म्हणाली, "अहो, तुम्ही जिन्यानं या की. गुडघं चांगलं हायेत तुमचं."
जिन्यानं आलो. वर पोचलो तर घरात सगळ्यांचा चहा झाला होता.