आगळाची वाटी

प्रिय दिशा,

यंदा कोकमाचे रातांबे उशिरा पिकले, पण परसातली दोन्ही झाडं लाल झाली. आई आणि शेजारच्या खतिजाकाकी सकाळपासून अंगणात बसून ते फोडतात. सालं उन्हात टाकायची, पुन्हा मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात. सालांची सोलं होऊन काळी पडेपर्यंत हे पुटांचं काम चालणार. मला फक्त कावळे हाकलायला ठेवलंय. इतकी वर्षं सभा गाजवल्या, आता समोर कावळेच उरलेत असं काकी म्हणतात आणि दोघी हसतात.

तुझ्या कामाची बातमी पेपरात आली तो दिवस तू पाहायला हवा होता. कोकमाच्या सालीतलं एक द्रव्य रक्तवाहिन्या कडक होण्यापासून वाचवू शकेल, आणि तुझ्या उंदरांच्या वाहिन्यांत चरबीचा थर कमी बसला, एवढंच त्यात होतं. आईनं ती बातमी मच्छीवालीला उभं करून वाचून दाखवली. आपल्या अंगणातलं फळ आणि आपली लेक, तिला आणखी काय हवं? मीही त्या दिवशी छाती काढून चाललो. गंड्यादोऱ्यांविरुद्ध आणि भोंदू औषधांविरुद्ध देवरूखपासून मालगुंडपर्यंत घसा कोरडा केला. माझ्याच घरात खरं विज्ञान जन्मलं म्हणून मी सुखावलो.

गेल्या आठवड्यात रस ढवळता ढवळता आई अंगणात मटकन बसली. घाबरू नकोस, आता चालते, फिरते, मला ओरडते. डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं, ते फार वर गेलेलं. मानेची सोनोग्राफी केली. तिथली एक रक्तवाहिनी कडक होऊन अरुंद झालीय. प्रेशरच्या गोळ्या नीट चालू आहेत ना, असं त्यांनी विचारलं, तर ही बाई अभिमानानं म्हणते, "गोळ्या कशाला? रोज सकाळी वाटीभर आगळ घेते. माझ्या लेकीनं शोधलंय."

आगळ! कोकमाचा रस टिकावा म्हणून ज्यात हिनंच ओंजळी ओंजळी मीठ घातलं, ते आगळ. प्रेशरच्या माणसाला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मी घरी येऊन समजावलं, तूच एकदा मला सांगितलेलं सगळं. ते द्रव्य सालीतून प्रयोगशाळेत वेगळं काढावं लागतं, पाण्यात ते नीट उतरतही नाही, आणि माणसांवर अजून काही सिद्ध झालेलं नाही. ती भांडी विसळत होती. तशीच म्हणाली, "अहो, भाषणं बाहेर द्या. आणि तो डॉक्टर घाटावरचा, त्याला कोकम काय कळतंय?" वाटी लहान केली, एवढीच तिची तडजोड. गोळ्यांना अजून हात लावत नाही. काल तर खतिजाकाकींना त्यांच्या हारुनभाईंच्या प्रेशरवर म्हणून बाटली भरून देत होती. मी ती हातातून काढून घेतली.

मला राग येत नाही, याचंच नवल वाटतं. बाबाबुवांच्या नादी लागलेल्यांवर मी कडाडून तुटून पडलो, पण तिच्यावर कसा तुटून पडू? तिची श्रद्धा तुझ्यावर आहे. गोळी घेतली तर तुझं काम खोटं ठरेल, असं तिला वाटतं.

तुझा शोधनिबंध पुरा व्हायचाय म्हणून "दिशूला कळवायचं नाही" अशी तिनं मला शपथ घातलीय. फोनवर ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र वाडीतल्या समीक्षाच्या हाती देतोय, ती उद्या तुझ्या पुण्याला निघतेय. शपथ मी मोडली, सांग तिला खुशाल. पण हे वाचलंस की निघ. तिला रागावू नकोस. तिच्याजवळ पाटावर बस, सोलं उलटव, आणि सांग की आई, माझं औषध अजून झालेलं नाही, ते होईल का हेही मला ठाऊक नाही, आणि ते कळेपर्यंत मला तू हवीस. माझ्या साऱ्या भाषणांत एवढं कठीण वाक्य मी कधी उच्चारलं नाही. तू उच्चारशील. गोळ्या मी आगळाच्या बरणीशेजारीच ठेवल्यात. पाणी मी आणीन, गोळी तिच्या तळहातावर तू ठेव.

तुझाच,
ज्याचं घरात कुणी ऐकत नाही तो
बाबा