पंचाची दातदुखी

लोणावळा, गुरुवार

प्रिय सोपानभाऊंना,

विठ्ठलचा मनापासून सलाम. प्रभुकृपेने आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे तुमची बहीण सारिका बरी आहे आणि मी तिच्यासमोर बरा असल्यासारखा वागतो. तुमचा गुडघा कसा आहे? सुदुंबऱ्याची हवा मानवली का? सत्यमला आणि सूनबाईंना आशीर्वाद सांगा. तीन वर्षं ज्याने साधा फोन केला नाही तो मेहुणा पत्र कसं लिहितो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणाला असतात आणि माझा धीर सुटला असता, म्हणून कागद घेतला.

चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आधी मंडळीच्या पंचाने घरोघर जायचं, कुणाचा कुणाशी अबोला असेल तर तो मिटवायचा आणि मगच रविवारी भाकर-प्याला वाटायला उभं राहायचं, ही रीत तुम्ही बावीस वर्षं पाळलीत. मी गीतांच्या पुस्तकांची पिशवी घेऊन तुमच्या मागे असायचो. (मला तेव्हा वाटायचं, यात आहे काय? चहा प्यायचा, प्रार्थना करायची, उठायचं. आणि रविवारी पाळकसाहेबांच्या शेजारच्या हातांच्या खुर्चीत बसायचं.) कामशेतला तुम्ही दारातल्या चपला बघून घरातलं भांडण ओळखायचा, आठवतं? आत जाऊन मात्र भांडणाचा शब्द नाही. तांदळाचा भाव, म्हशीचं दूध, पोरांच्या परीक्षा, असं दोन-दोन तास चालायचं. आपण निघताना भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलत आपल्याला पोचवायला यायचे आणि आपली लोकल चुकलेली असायची. मी फार चिडायचो. त्या चुकलेल्या गाड्यांची मला आता रोज आठवण येते, भाऊ.

गेल्या शनिवारी तुमच्या जागी पंच म्हणून कामशेतला एकटाच गेलो. पहिल्या घरी यादी काढून विचारलं, अबोला आहे का? नाही म्हणाले, मी खूण केली आणि उठलो. (सून आत रडत होती हे मला स्टेशनवर आल्यावर कळलं.) दुसऱ्या घरी नवऱ्याच्या चपला दाराच्या एका बाजूला, बायकोच्या दुसऱ्या बाजूला, दोन्हींची तोंडं भिंतीकडे. म्हटलं, सापडलं. तुमची विद्या वापरून मी त्या दोघांना क्षमेवर अर्धा तास ऐकवलं. चपला धुऊन वाळत ठेवल्या होत्या हे नंतर निघालं. पण तोवर पंचाकडे चुगली कुणी केली यावरून दोघांची जुंपली होती आणि मी निघालो तेव्हा खराखुरा अबोला सुरू झाला होता.

शेवटचं घर स्टेशनसमोरच्या नंदाबाईंचं. म्हातारीने अजून तुमचा कानतुटका कप ठेवलाय. मला दुसऱ्यात चहा दिला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पंच, समद्यास्नी इचारत फिरताय. तुमचं आन् सोपानभाऊंचं बोलनं हाय का?" मी म्हटलं, लोकल आली. लोकलला पाऊण तास होता आणि ते तिला घरात बसून दिसत होतं.

मागची दोन प्रभुभोजनं मी दात दुखतो म्हणून घरी काढली. (कवळी बसवून पाच वर्षं झाली. पाळकसाहेबांना ठाऊक आहे, तरी बिचारे दाताची चौकशी करतात.) या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे.

तब्येतीला जपा. मोठ्यांना सलाम, लहानांना गोड पापा.

तुमचा,
विठ्ठल

ता. क. तीन वर्षांपूर्वी मंडळीच्या सभेत मी उठून म्हणालो होतो की सोपानभाऊंचा आवाज आता मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. त्या दिवशी मी मागच्याच बाकावर बसलो होतो आणि तुमचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. मला ती खुर्ची हवी होती. चुकलं माझं, भाऊ.

ता. क. २. सारिकाने पत्र वाचलं. म्हणाली, वरचं सगळं खोडा, ता. क. तेवढा पाठवा. पण वरचं लिहिल्याशिवाय माझा हात तिथवर जात नव्हता. रविवारी तळेगावहून सकाळची लोकल धरा. मी स्टेशनवर उभा असेन. पिशवी मीच धरतो.