फायरप्लेसभोवतीची फळकुटे उतरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. इमारत तपासणी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
उइटहॉर्न, नेदरलँड्स.

अर्जदार : श्रीमती सरला दामोदर होनराव, वय ६७, मूळ राहणार बार्शी, जिल्हा सोलापूर. सध्या मुक्काम मुलाकडे, उइटहॉर्न.

विषय : मुलाच्या घरातील तयार लोखंडी फायरप्लेसला खेटून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या माझ्या परतीच्या विमानाआधी उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) फायरप्लेससोबतची पुस्तिका, पान अकरा, खालचे चित्र.
२) मुलाचे तोंडी उत्तर, "आई, तू यात पडू नकोस." तारीख टिपलेली नाही, उत्तर रोजच मिळते.

महोदय (बाई असाल तर बाई),

१. अर्जदार चौथी पास आहे. हे मीच आधी लिहिते, म्हणजे मागाहून कोणी आपल्या कानाशी लागायला नको. अर्ज माझ्या हातचा आहे. आमच्या नात्यातली नीलांबरी डेल्फ्टला शिकते, ती तो आपल्या भाषेत उतरवून देईल. एकही शब्द मऊ करणार नाही असे तिच्याकडून वदवून घेतले आहे.

२. बार्शीत आमची चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी होती. एकतीस वर्षे मी तिच्या तोंडाशी बसले. आमचे यजमान सांगत, पत्र्याला वारा ठेवावा आणि लाकडाला अंतर ठेवावे. तेवढे पाळले, म्हणून एकतीस वर्षांत आमच्याकडे गोणपाटसुद्धा जळाले नाही. त्याच भट्टीवर मुलगा हरीश इंजिनिअर झाला. कॉम्प्युटरचा झाला. कॉम्प्युटर तापतो म्हणून आत पंखा बसवावा लागतो, हे ज्ञान त्यानेच मला दिले. मग लोखंडी खोके लाकडे जाळून तापते, त्याला वारा लागत नाही काय, हे विचारले की त्याला फोन येतो.

३. हकिगत अशी. या घराची फायरप्लेस विटांची नाही. कारखान्यातून तयार आलेली लोखंडी पेटी भिंतीत बसवली आहे. तिला खाली आणि वर वारा खेळायला फटी ठेवल्या आहेत, भोवती मोकळी जागा सोडली आहे. पेटीची काळी चौकट सूनबाईंना म्हणजे ऋजुताला शोभेना. म्हणून हरीशने आणि त्याचा मित्र ऋषभ याने दोन सुट्ट्यांत मोबाइलवर बघत बघत त्या चौकटीवर अक्रोडी रंगाच्या पट्ट्या ठोकल्या. खालच्या फटी सगळ्या झाकल्या. भोवतीच्या मोकळ्या जागेत काचेचा पिवळा कापूस कोंबला, कारण तिथून गार वारा येतो म्हणे. वर लाकडी फळी मारली. ऋषभने त्याचा फोटो काढून ऑफिसात पाठवला. शंभर जणांनी अंगठा दाखवला. त्यांतल्या एकानेही पट्टीला हात लावून पाहिला नाही. मी पाहिला. तासभर जाळ झाला की हात ठेववत नाही.

४. मला डच येत नाही, पण पान अकरावर चित्र आहे. पेटीला टेकलेले लाकूड काढले आहे आणि त्यावर लाल फुली मारली आहे. फुली वाचायला चौथीसुद्धा लागत नाही. हे दाखवल्यावर हरीश म्हणाला, कंपनीवाले स्वतःची कातडी वाचवायला असे छापतात. मी म्हणाले, मग तू कोणाची कातडी पणाला लावतोस? यावर ऋजुता म्हणाली, आई, तुम्ही तीन महिने आराम करायला आला आहात ना! म्हणजे पाहुणीने भिंतीकडे पाहू नये. घर कोणाचे हा वाद मी घातलेला नाही, आपल्यापुढेही घालत नाही. घरमालकाचा अर्ज नाही म्हणून आपण कागद बाजूला ठेवाल, तर एवढेच म्हणते की जळताना घर मालक विचारून जळत नाही.

५. आता जे लिहिते ते कोणी सांगायला लावलेले नाही.

वरच्या फळीवर त्यांनी माझे देव मांडले होते. मला बरे वाटले. बोलायचे कमी केले. लाच म्हणा. वरच्या फटी तेवढ्या उघड्या होत्या, त्यांतून गरम वारा यायचा आणि दिवा विझायचा. सात जानेवारीला यजमानांचे वर्षश्राद्ध होते. त्या सकाळी दिवा तीनदा विझला. चौथ्यांदा लावायच्या आधी मी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, घडी घातली आणि वरच्या फटीत सारली. एकतीस वर्षे भट्टीवर बसलेल्या बाईने चिंधी तापल्या पत्र्यात कोंबली. दिवा छान तेवला. नैवेद्याचे ताट वाढेपर्यंत करपल्याचा वास आला. माझी नात चैत्राली आधी ओरडली, डचमध्ये ओरडली, पण मला कळले. हरीशने चिमट्याने चिंधी ओढली तेव्हा तिची कड लाल झालेली होती.

चूक माझी. यजमान असते तर दोन दिवस बोलले नसते.

६. त्या दिवसापासून घरातली काडेपेटी माझ्यापासून लपवली आहे. दिव्याच्या जागी सेलवर चालणारा प्लॅस्टिकचा दिवा आणून ठेवला आहे. तो फुंकला तरी विझत नाही, असे सूनबाईंनी कौतुकाने करून दाखवले. आणि मी पट्ट्यांचे नाव काढले की चिंधीचे नाव निघते. सूनबाई म्हणतात, आई, आग लावत होतात तुम्ही, लाकूड नव्हे! ऋषभनेही मान हलवली. माझी चूक एका सकाळची होती, त्याच दिवशी निघाली. यांची चूक खिळ्यांनी ठोकलेली आहे आणि ती माझ्या चिंधीआड जाऊन बसली आहे. म्हातारे माणूस एकदा चुकले की पुढची सगळी खरी बोलणी खोटी ठरतात, हा नियम आपल्याकडेही आहे काय, ते कळवावे.

७. त्या पेटीचे धुरांडे ज्या भिंतीतून वर जाते, तिच्या पलीकडे माडीवर चैत्रालीचा पलंग आहे. खाली जाळ केला की भिंत कोमट होते. पाठीला ऊब लागते म्हणून पोर तिला चिकटून झोपते. पहिल्यांदा भिंत अशी तापत नव्हती, फटी झाकल्यापासून तापते. बावीस फेब्रुवारीला पोरीला चार वर्षे पूर्ण होतात. पाहुणे यायचे आहेत, दिवसभर फायरप्लेस पेटवायचा बेत आहे. सव्वीसला माझे विमान आहे. नंतर त्या भिंतीला हात लावून बघणारे घरात कोणी राहणार नाही.

८. तरी विनंती की आपण टेप घेऊन स्वतः यावे आणि जे दिसेल ते कागदावर लिहावे. चिंधीची चूक आधी लिहावी, माझ्या पूर्ण नावाने. तिच्याखाली पट्ट्यांची लिहावी. कापूस काढायला आणि लाकडाच्या जागी दगड किंवा फरशी बसवायला जाणता कारागीर लावावा, ऋषभ नको. देव मी समोरच्या भिंतीकडे नेईन, त्यांची काही तक्रार नाही. माझा मुलगा वाईट नाही. त्याला कागद लागतो. आईचा शब्द कागद नसतो, म्हणून आपल्याला तसदी.

नम्र लिहायची रीत आहे म्हणून नम्र,
सरला दामोदर होनराव
उइटहॉर्न, १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) करपलेली चिंधी, एक.
२) पुस्तिकेचे पान अकरा. फाडून घेतले आहे, जागी चिठ्ठी ठेवली आहे.
३) फायरप्लेसच्या काचेच्या दाराची मूठ. ही निघते, आणि निघाली की दार उघडत नाही. घरात शोधाशोध चालू आहे, मीही शोधते आहे. आपण येताना बरोबर आणावी आणि पट्ट्या उतरल्यावरच हरीशच्या हाती द्यावी. मी तोवर गेलेली असेन तरी क्रम हाच ठेवावा.

अर्जाची पोच नाही दिली तरी चालेल. मुठीची द्यावी.